खून की सदोष मनुष्यवध? न्यायालय मनातला उद्देश कसा शोधते

२४ ऑगस्ट २०२० रोजी संध्याकाळी सातच्या सुमारास महाडच्या काजळपुरा भागातली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली. सोळा माणसे गेली. चार वर्षांचा एक मुलगा दुसऱ्या दिवशी दुपारी ढिगाऱ्याखालून जिवंत निघाला, तेव्हा तिथे जमलेल्या लोकांच्या डोळ्यांत पाणी आले. बिल्डर, वास्तुविशारद, आरसीसी सल्लागार आणि नगरपालिकेशी संबंधित अधिकारी अशा पाच जणांविरुद्ध गुन्हा नोंदवला गेला. त्यातले मुख्य कलम होते भारतीय दंड संहितेचे ३०४, म्हणजे खुनात न मोडणारा सदोष मनुष्यवध.

त्या दिवसांत दोन परस्परविरोधी प्रश्न ऐकू येत होते. एक, सोळा जीव गेले तरी हा खून का नाही? आणि दुसरा, इमारत पडणे हा अपघात, मग त्याला मनुष्यवध कसे म्हणायचे? दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच जागी आहे. माणूस मेला, एवढ्याने गुन्ह्याचे नाव ठरत नाही. मृत्यूला कारण झालेल्या माणसाच्या मनात त्या वेळी काय होते, त्याला काय कळत होते, यावर ते ठरते. मन कुणालाच दिसत नाही, न्यायाधीशालाही नाही. मग ते कशावरून ओळखायचे, याची रीत आपल्या न्यायालयांनी दीडशे वर्षांत घडवली आहे. ती आपण टप्प्याटप्प्याने पाहू.

एका मृत्यूच्या तीन पायऱ्या

दुसऱ्याच्या हातून माणूस मेला, तर कायद्यात मुख्यतः तीन पायऱ्या आहेत.

सर्वांत खालची पायरी निष्काळजीपणाने मृत्यूस कारण होण्याची. इथे मारण्याचा उद्देश नसतो आणि आपल्या कृतीने माणूस मरेल याची जाणीवही नसते. घ्यायला हवी ती काळजी घेतलेली नसते. जुन्या दंड संहितेत हे कलम ३०४ अ होते आणि जास्तीत जास्त शिक्षा दोन वर्षे होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम १०६ झाले आणि कमाल शिक्षा पाच वर्षांवर गेली.

मधली पायरी सदोष मनुष्यवधाची. जुने कलम ३०४, नवे १०५. हिचे दोन भाग आहेत. मारण्याचा, किंवा मृत्यू येण्याचा संभव आहे अशी इजा करण्याचा उद्देश होता, पण काही कारणाने कृत्य खुनात बसत नाही, तर पहिला भाग: जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद. नव्या कायद्यात ही कैद पाच वर्षांहून कमी देता येत नाही. उद्देश नव्हता, मात्र माणूस मरण्याचा संभव आहे एवढी जाणीव होती, तर दुसरा भाग: दहा वर्षांपर्यंत कैद.

वरची पायरी खुनाची. जुने ३०२, नवे १०३. शिक्षा दोनच, फाशी किंवा जन्मठेप. त्याखाली न्यायाधीशाला उतरता येत नाही.

पायरी बदलली की न्यायालयही बदलते. निष्काळजीपणाचा खटला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतो आणि तो गुन्हा जामीनपात्र असतो. सदोष मनुष्यवध आणि खून मात्र अजामीनपात्र, आणि ते फक्त सत्र न्यायालयात चालतात. महाड-पोलादपूरच्या माणसासाठी याचा अर्थ माणगावच्या सत्र न्यायालयाची वाट धरणे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायची. गुन्हा ज्या दिवशी घडला त्या दिवशीचा कायदा लागतो. तारिक गार्डनची घटना २०२० ची, म्हणून तिला जुनी दंड संहिताच लागू आहे. खून आणि मनुष्यवध यांच्या व्याख्या मात्र नव्या संहितेत जवळजवळ जशाच्या तशा उतरल्या आहेत. त्यामुळे जुन्या निकालांमधला विचार आजही उपयोगी पडतो.

उद्देश, जाणीव आणि कारण

या तीन गोष्टी बोलताना आपण एकत्र करतो. न्यायालय त्या वेगळ्या ठेवते.

उद्देश म्हणजे परिणाम घडावा असे मनात धरून कृती करणे. जाणीव म्हणजे परिणाम घडावा अशी इच्छा नसतानाही तो घडण्याचा संभव ठाऊक असणे. भरल्या बाजारात कुणी सुसाट गाडी घालतो, तेव्हा त्याला कुणालाच मारायचे नसते, पण कुणीतरी मरेल हे त्याला कळत असते. कारण म्हणजे त्यामागचा वाद: जमीन, पैसा, जुने वैर. ते पुराव्याला बळ देते, पण अनिवार्य नसते. डोळ्यांनी पाहणारे विश्वासार्ह साक्षीदार असतील, तर कारण सापडले नाही म्हणून खटला पडत नाही. उलट जुने वैर कितीही कडवे असले, तरी तेवढ्यावर त्या दिवशीचा उद्देश सिद्ध होत नाही.

जाणिवेलाही प्रती आहेत. संभवाची जाणीव असेल तर सदोष मनुष्यवध. कृत्य इतके भयंकर की मृत्यू जवळपास अटळ आहे हे ठाऊक, आणि धोका पत्करायला कसलेही सबळ कारण नाही, तर उद्देश नसतानाही खून. कायद्यानेच याचे उदाहरण दिले आहे: विनाकारण गर्दीवर तोफ डागणारा माणूस. त्याला अमुक एकाला मारायचे नसते, तरी तो खुनीच.

बांधावरचे भांडण

हे सारे एका कल्पित प्रसंगात घालून पाहू. पोलादपूर तालुक्यातली एक वाडी, जुलैची भातलावणी. दोन चुलत भावांच्या खाचरांमधला बांध. धाकट्याने बांध कोरला असे थोरल्याचे म्हणणे. बाचाबाची होते, धक्काबुक्की होते, थोरल्याच्या हातात कामाचे फावडे असते, त्याचा एक घाव धाकट्याच्या डोक्यात बसतो. तिसऱ्या दिवशी धाकटा रुग्णालयात मरतो. आता एकेक तपशील बदलू.

तपशील आहे तसाच राहिला, तर भांडण अचानक उसळलेले, हत्यार कामासाठी आधीच हातात असलेले आणि घाव एकच. बचाव पक्ष म्हणेल की हा अविचाराच्या भरातला मनुष्यवध आहे. न्यायालय बहुधा घावाचा जोर पाहून ३०४ चा पहिला की दुसरा भाग, एवढेच तोलेल.

थोरला भांडण सोडून घरी गेला, कोयता घेतला, अर्ध्या तासाने परत आला आणि मानेवर तीन वार केले, तर चित्र पालटते. घरी जाण्यात विचार आला, कोयता निवडण्यात तयारी आली, मान निवडण्यात उद्देश आला. हा खून.

फावड्याचा पहिला घाव रागाच्या भरात बसला, धाकटा खाली पडला, आणि पडलेल्या माणसाच्या डोक्यात थोरल्याने आणखी दोन घाव घातले, तर भांडण अचानक असले तरी सवलत टिकणे अवघड. निःशस्त्र, पडलेल्या माणसावर वार करणे म्हणजे परिस्थितीचा गैरफायदा घेणे आणि क्रूरपणे वागणे.

थोरल्याने नुसते ढकलले, धाकट्याचा पाय घसरला आणि डोके कातळावर आपटले, तर मृत्यूचा उद्देश नाही आणि साध्या धक्क्याने माणूस मरेल ही जाणीवही सहसा धरता येत नाही. गुन्हा दुखापतीपुरता उरू शकतो. पण तोच धक्का आंबेनळी घाटात दरीच्या कडेला दिला, तर परिणाम ठाऊक नव्हता असे कोण म्हणेल?

शेवटचा बदल. थोरल्याने धाकट्यावर नेम धरून कोयता फेकला, तो चुकून सोडवायला आलेल्या शेजाऱ्याला लागला आणि शेजारी मेला. नेम चुकला म्हणून उद्देश बदलत नाही. धाकटा मेला असता तर जो गुन्हा झाला असता, तोच इथेही होतो.

मृत्यू प्रत्येक वेळी एकच. फरक पडला तो हत्याराच्या वाटेत, वेळेत, घावाच्या जागेत आणि घावांच्या संख्येत. सरकारी वकील आणि बचावाचे वकील यांचा सारा वाद याच तपशिलांवर चालतो.

मुंबई उच्च न्यायालयाचा धडा

हा फरक भारतात पहिल्यांदा नीट उलगडून सांगितला तो मुंबई उच्च न्यायालयाने, १८७६ साली. गोविंदा नावाच्या अठरा वर्षांच्या नवऱ्याने आपल्या पंधरा वर्षांच्या बायकोला लाथा घातल्या, ती पडल्यावर तिच्या छातीवर गुडघा ठेवला आणि चेहऱ्यावर बंद मुठीचे दोन-तीन जोरदार ठोसे मारले. कवटी फुटली नाही, पण मेंदूत रक्तस्राव होऊन ती मुलगी मेली. दोन न्यायमूर्तींचे एकमत होईना, म्हणून प्रकरण न्यायमूर्ती मेलव्हिल यांच्याकडे गेले.

त्यांनी मनुष्यवध आणि खून यांच्या व्याख्या शेजारी शेजारी मांडून दाखवल्या आणि त्यांच्यातले अंतर संभाव्यतेच्या प्रमाणात आहे असे सांगितले. केलेल्या इजेने मृत्यू येण्याचा संभव होता, तर सदोष मनुष्यवध. ती इजा निसर्गाच्या सामान्य क्रमाने मृत्यू आणायला पुरेशीच होती, तर खून. मुठीच्या ठोशांत मृत्यूचा संभव होता, पण सामान्यतः ते मृत्यू आणायला पुरेसे नसतात, म्हणून गोविंदाचा गुन्हा खुनाखालचा ठरला. त्या मुलीच्या बाजूने पाहिले तर हा निकाल आज मनाला बोचतो. पण त्यातून जी कसोटी मिळाली, ती अजून प्रत्येक सत्र न्यायालयात वापरली जाते.

पुढचे पाऊल १९५८ साली सर्वोच्च न्यायालयात पडले. विरसा सिंग या पंजाबातल्या आरोपीने एकाच्या पोटात भाला खुपसला होता. वार एकच. मला मारायचे नव्हते, असा त्याचा बचाव. निकाल लिहिला न्यायमूर्ती व्हिवियन बोस यांनी. ते आधी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. त्यांनी क्रमाने विचारायचे प्रश्न ठरवून दिले. इजा झाली आहे का? ती कोणत्या प्रकारची आहे? नेमकी तीच इजा करण्याचा उद्देश होता का, की ती चुकून किंवा अपघाताने झाली? आणि शेवटी, तशी इजा निसर्गाच्या सामान्य क्रमाने मृत्यू आणायला पुरेशी होती का?

यात मेख तिसऱ्या प्रश्नात आहे. आरोपीला माणूस मरावा असे वाटत होते का, हे विचारायचेच नाही. ती विशिष्ट इजा त्याने मुद्दाम केली का, एवढेच विचारायचे. ती प्राणघातक होती का, हे मग वैद्यकीय पुरावा सांगतो. म्हणून एकच वार आहे, यावरून खून नाही असे ठरत नाही. भाला जोराने पोटात घालणाऱ्याला, मला फक्त जखम करायची होती, असे म्हणून सुटता येत नाही.

उद्देश कशावरून ठरतो

आरोपी कधी उद्देश सांगत नाही. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब तर पुरावा म्हणून चालतच नाही. त्यामुळे न्यायालय कृतीवरून मन वाचते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली पुलिचेर्ला नागराजू खटल्यात अशा खुणा एकत्र सांगितल्या. आपल्या भागाच्या भाषेत त्या अशा.

हत्यार कोणते? कोयता, सुरा, कुऱ्हाड की काठी? ते घरून आणले, की भांडणाच्या जागी हाताला लागले? घाव कुठे बसला? डोके, मान, छाती, पोट ही मर्मस्थाने. हात-पाय, पाठीचा मांसल भाग यांचे तसे नाही. जोर किती होता? घाव एक की अनेक? भांडण अचानक झाले, की आरोपी दबा धरून बसला होता? आधीचे वैर होते का? समोरच्याने चिथावले होते का? आरोपीने गैरफायदा घेतला का? कुठलीही एक खूण एकटी निर्णायक नसते. सगळ्या एकत्र तोलायच्या असतात.

या खुणा न्यायालयापुढे येतात त्या कागदांमधून. पहिला कागद म्हणजे फिर्याद. त्यानंतर घटनास्थळाचा पंचनामा: रक्त कुठे सांडले होते, हत्यार कुठे पडले होते, उजेड कसा होता. मग मृतदेहाचा इन्क्वेस्ट पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल. अहवालात जखमेची लांबी, रुंदी, खोली आणि जागा असते. कोणती जखम मृत्यू आणायला पुरेशी होती, हे डॉक्टरांनी स्पष्ट लिहिले की खून आणि मनुष्यवध यांच्यातला अर्धा वाद तिथेच मिटतो. ते वाक्य राहून गेले, तर महिनोन्‌महिने उलटतपास त्याच एका जागेभोवती फिरतो.

जखमी माणूस बोलू शकत असेल, तर त्याचा मृत्यूपूर्व जबाब घेतला जातो. तो तहसीलदार किंवा नायब तहसीलदारांसारख्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांनी घ्यावा आणि रुग्ण शुद्धीवर असल्याचे डॉक्टरांनी लिहून द्यावे, अशी चांगली पद्धत आहे. भांडण कसे सुरू झाले, आधी कुणी हात उचलला, मारणारा काय म्हणाला, ही माहिती त्यात आली तर ती फार मोलाची ठरते.

बचाव पक्षाच्या वाटा

खुनाच्या व्याख्येत बसणारे कृत्यही पाच परिस्थितींत खालच्या पायरीवर येते. गंभीर आणि अचानक चिथावणीने स्वतःवरचा ताबा सुटला. स्वतःच्या बचावाचा हक्क सद्भावनेने वापरताना मर्यादा ओलांडली गेली. लोकसेवकाने कर्तव्य बजावताना सद्भावनेने अधिकाराची हद्द ओलांडली. पूर्वविचाराशिवाय अचानक जुंपलेल्या मारामारीत, गैरफायदा न घेता आणि क्रौर्य न करता मृत्यू घडला. किंवा अठरा वर्षांवरील माणसाने स्वतःच्या मृत्यूला संमती दिली होती. आपल्या तालुक्यांसारख्या ग्रामीण भागातल्या खटल्यांत पहिली आणि चौथी वाट सर्वांत जास्त चालली जाते.

चिथावणीची वाट किती अरुंद आहे, हे मुंबईच्या नानावटी खटल्याने दाखवले. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातले कमांडर कावस नानावटी यांना पत्नीने प्रेम आहुजाशी असलेल्या संबंधांची कबुली दिली. नानावटींनी पत्नी आणि मुलांना मेट्रो सिनेमाला सोडले, जहाजावर जाऊन वेगळेच कारण सांगून रिव्हॉल्व्हर घेतले, आहुजाच्या कार्यालयात त्याला शोधले, तिथे तो नाही म्हणून घर गाठले. शयनगृहात तीन गोळ्या झाडल्या गेल्या. बचावाचे म्हणणे होते की झटापटीत गोळी सुटली, आणि ते न मानले तरी चिथावणीची सवलत मिळावी. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांना तो कौल पटला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. उच्च न्यायालयाने खुनाचा दोष ठेवला आणि सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर १९६१ रोजी तो कायम केला.

कारणे पाहण्यासारखी आहेत. आहुजा नुकताच न्हाणीघरातून आला होता. झटापट झाली असती तर त्याच्या कमरेचा टॉवेल जागेवर राहिला नसता. आणि कबुली ते गोळीबार यांत जवळपास तीन तास गेले होते. राग निवायला तेवढा वेळ पुरे. चिथावणी गंभीर होती हे खरे, पण ती त्या क्षणी अचानक उरली नव्हती.

अपवाद दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर असते, पण तिचे ओझे सरकार पक्षाइतके जड नसते. खुनाचा उद्देश सरकार पक्षाला वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो. आरोपीने आपली बाजू अधिक संभाव्य आहे एवढे दाखवले तरी पुरते, आणि तेही सरकारी साक्षीदारांच्या उलटतपासातून दाखवता येते. म्हणूनच घटनास्थळी माझा अशील नव्हताच, असा पवित्रा घेणाऱ्या वकिलाला पुढे अचानक भांडणाचा मुद्दा मांडणे जड जाते. तरीही पुराव्यातून अपवाद दिसत असेल, तर आरोपीने तो मांडला नाही म्हणून न्यायालयाने त्याकडे डोळेझाक करायची नसते.

दारूचा बचाव

नशेत होतो, काही कळत नव्हते, हा बचाव गावोगाव ऐकू येतो. कायदा त्याला फारशी जागा देत नाही. कुणी फसवून किंवा जबरदस्तीने पाजली असेल तर गोष्ट वेगळी. स्वतः प्यायलेल्या माणसाला शुद्धीतल्या माणसाएवढीच जाणीव होती, असे कायदा धरून चालतो. उद्देशाच्या बाबतीत थोडी मोकळीक आहे: तो इतका प्यायला होता का, की उद्देश धरण्याची ताकदच उरली नव्हती? १९५६ च्या बासदेव खटल्यात लग्नघरी प्यायलेल्या एका निवृत्त जमादाराने जागेवरून उठला नाही म्हणून एका मुलावर गोळी झाडली. तो चालत होता, नीट बोलत होता, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने खुनाचा दोष कायम ठेवला.

तारिक गार्डन आणि जाणिवेचा कठीण प्रश्न

आता महाडच्या इमारतीकडे येऊ. इथे कुणाला मारायचा उद्देश होता, असे सरकार पक्षही म्हणत नाही. वाद आहे तो जाणिवेचा. तो कसा अवघड आहे, हे दोन निकाल समोर ठेवले की कळते.

१२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर दारू प्यायलेल्या एका तरुणाची गाडी पदपथावर झोपलेल्या मजुरांवर चढली. सात जण मेले, आठ जखमी झाले. सत्र न्यायालयाने निष्काळजीपणा धरून सहा महिने दिले. उच्च न्यायालयाने तो सदोष मनुष्यवध ठरवून तीन वर्षे दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये ते मान्य केले. दारू पिऊन भरधाव गाडी हाकताना कुणी मरू शकते, ही जाणीव त्याला होती असे न्यायालयाने धरले.

दुसरे टोक भोपाळचे. १९८४ च्या वायुकांडात आरोपींवर ३०४ चा दुसरा भाग लावला होता. सप्टेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो काढून ३०४ अ ठेवला. कारखाना सदोष होता हे दिसते, पण त्या रात्री तो चालवल्याने माणसे मरतील ही जाणीव दाखवणारा पुरावा पुढे आलेला नाही, असे त्यामागचे कारण. हजारो मृत्यूंनंतर २०१० मध्ये शिक्षा झाली ती दोन वर्षांची. रासायनिक कारखान्यांची एमआयडीसी शेजारी असलेल्या महाडने हा निकाल विसरू नये असा आहे.

या दोन टोकांच्या मध्ये इमारतीचा खटला उभा राहतो. अशा खटल्यात सरकार पक्षाला दाखवावे लागते की काँक्रीट आणि लोखंड किती कमअस्सल होते, आराखड्याप्रमाणे काम झाले की नाही, पूर्णत्वाच्या दाखल्यावर सही कुणी आणि काय पाहून केली, तडे किंवा गळतीच्या तक्रारी कुणापर्यंत पोचल्या होत्या. आणि सर्वांत मोठे: हे सगळे आरोपींपैकी प्रत्येकाला ठाऊक होते का? जाणीव सामूहिक नसते. बिल्डरला एक ठाऊक असेल, सल्लागाराला दुसरे, अधिकाऱ्याला काहीच नसेल. एकेकाची जाणीव वेगळी तपासावी लागते. इमारत कोसळली यावरून काम वाईट होते हे कळते. कामाचा वाईटपणा कुणाला आधीच माहीत होता, हे कागदच सांगतात. गुन्हा नोंदवला जाणे म्हणजे दोष सिद्ध होणे नव्हे, हेही इथे लक्षात ठेवायला हवे.

खटला पुढे कसा सरकतो

तपास संपला की पोलीस दोषारोपपत्र दाखल करतात. खून किंवा पहिल्या भागातल्या सदोष मनुष्यवधाच्या गुन्ह्यात आरोपी कोठडीत असेल तर नव्वद दिवसांत ते यावे लागते, नाहीतर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. दंडाधिकारी खटला सत्र न्यायालयाकडे सोपवतात. तिथे आरोप निश्चित होतो. खुनाचा आरोप ठेवला, तर त्याच खटल्यात शेवटी सदोष मनुष्यवधाचा दोष ठरवता येतो. उलट मात्र होत नाही: मनुष्यवधाचाच आरोप असेल, तर तो रीतसर बदलून वाढवल्याशिवाय खुनाची शिक्षा देता येत नाही. म्हणून आरोप निश्चितीच्या दिवशीच दोन्ही वकील जोर लावतात.

मग साक्षी: सरतपास, उलटतपास, गरज पडल्यास फेरतपास. पोलिसांपुढच्या जबाबात नसलेली गोष्ट साक्षीदार न्यायालयात पहिल्यांदा सांगू लागला, तर बचावाचे वकील ती नंतरची भर म्हणून नोंदवून घेतात. त्यानंतर आरोपीला त्याच्याविरुद्धच्या प्रत्येक पुराव्यावर त्याचे म्हणणे विचारले जाते. शेवटी युक्तिवाद. सरकारी वकील घावांची जागा आणि संख्या दाखवत खुनाकडे नेतात, बचावाचे वकील क्षणिक राग आणि एकच घाव दाखवत खाली खेचतात. उद्देशाबद्दल वाजवी संशय उरला तर त्याचा फायदा आरोपीला मिळतो आणि गुन्हा एक पायरी खाली येतो. त्याला सुटका म्हणत नाहीत. जेवढा दोष सिद्ध झाला तेवढीच शिक्षा, असा त्याचा अर्थ आहे.

साक्ष देणाऱ्यांसाठी

गावात खून झाला की दोन चुका हमखास होतात. मेलेल्याच्या बाजूचे लोक जबाबात भर घालतात: नसलेले घाव, न बोललेली धमकी, त्या जागी नसलेली माणसे. मारणाऱ्याच्या बाजूचे लोक पाहिलेले गिळून टाकतात किंवा न्यायालयात फितूर होतात. पहिल्या चुकीने खरा खूनही संशयात सापडतो, कारण एक खोटा तपशील उघडा पडला की खऱ्यावरचाही विश्वास डळमळतो. दुसऱ्या चुकीने मेलेल्या माणसावर पुन्हा अन्याय होतो.

जन्मठेप आणि पाच-सात वर्षांची कैद यांच्यातले अंतर एखाद्या घरासाठी संपूर्ण आयुष्याचे असते, मरणाऱ्याच्याही आणि मारणाऱ्याच्याही. ते अंतर ठरवणारे तपशील बहुतेक वेळा बांधावर उभ्या असलेल्या दोन-चार माणसांनीच पाहिलेले असतात. म्हणून पोलीस जबाब घ्यायला आले की तो वाचून दाखवायला सांगा. हत्यार कुठून आले, पहिला हात कुणी उचलला, घाव किती आणि कुठे बसले, मधे किती वेळ गेला, हे पाहिले तसे आणि तेवढेच सांगा. जे पाहिले नाही ते पाहिले नाही म्हणून सांगा. इमारतीला तडे दिसत असतील, तर नगरपालिकेला तोंडी सांगून थांबू नका. लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. उद्या जाणीव कुणाला होती असा प्रश्न न्यायालयात आला, तर त्या पोचपावतीला उत्तर देता येईल.